नानांचं पिवळं फडकं

माझे सासरे आमच्या घरात कधी खुर्चीला टेकून बसले नाहीत. खुर्ची कितीही ऐसपैस असो, नाना तिच्या कडेवर चार बोटं जागा घेऊन बसायचे. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तसे. मी म्हणायचो, "नाना, आरामात बसा ना." ते म्हणायचे, "आरामातच आहे, जावईबापू." आणि आणखी थोडे पुढे सरकायचे.

जेवणाचंही तेच. मिरजेला स्वतःच्या घरी हा माणूस आमटी वाटीवर वाटी पितो, हे पहिल्या दिवाळसणाला मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्याकडे मात्र पहिल्यांदा पानात पडेल तेवढंच. मृणाल, म्हणजे माझी बायको आणि त्यांची एकुलती एक लेक, आमटीचं पातेलं घेऊन जवळ आली की ते वाटीवर हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "माझं झालं." आमटी मृणाल अगदी तिच्या आईच्या हातची करते. तिच्या वासाने नानांच्या नाकपुड्या हलताना मी बघितल्या आहेत. पण हात हलायचा नाही.

कारण जुनं होतं. लेकीच्या घरचं खायचं नाही. नानांचे वडील म्हणे लेकीच्या सासरी गेले की तहान लागली तरी घरात पाणी मागत नसत. बाहेर मारुतीच्या देवळातल्या नळावर जाऊन पिऊन येत. नाना स्वतः शिकलेले, हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. "असलं काही मी मानत नाही," असं ते स्वच्छ सांगायचे. मानत नसतील डोक्याने. घशाखाली मात्र घास उतरत नव्हता.

फेब्रुवारीत ते आले ते तीन आठवड्यांसाठी. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं, एकट्याला घर खायला उठतं, म्हणून आम्हीच आग्रह केला. आम्ही राहतो परदेशात, बेस्टला, म्हणजे आइंडहोव्हन शहराला चिकटलेल्या गावात. नानांनी ट्यूलिप बघायचे ठरवले होते, आणि ते फुलायच्या आत परत जायचं तिकीटही काढलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग मार्च उजाडला. ऑफिसं बंद, शाळा बंद, आमच्या ब्राबांट प्रांतात तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट साथ. आणि एक दिवस विमानं बंद झाली. मी नानांना म्हटलं, "काळजी करू नका, कितीही दिवस राहा." ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." म्हणताना हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून ते घरात काम शोधायला लागले. फुकटचं पचत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. पण आमच्या घराने त्यांची फार निराशा केली. भांडी यंत्र घासतं. मटार सोललेले आणि गोठवलेले मिळतात. केर काढायला एक चपटं यंत्र घरभर आपलं आपण फिरतं. ते आलं की नाना ओशाळून दोन्ही पाय वर घ्यायचे, मोलकरणीने "पाय वर घ्या हो आजोबा" म्हटल्यासारखे. स्वतःचं ताट मात्र ते यंत्रात ठेवायच्या आधी नळाखाली घासून लखलखीत करायचे. मृणाल म्हणाली, "नाना, ते धुण्यासाठीच आत ठेवायचं असतं." ते म्हणाले, "असू दे. त्यालाही जरा आराम."

शेवटी त्यांना काम सापडलं. दाराशी माझी गाडी उभी होती. माझी म्हणजे कंपनीने लीजवर दिलेली, काळी, नवीकोरी. मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेला असल्यामुळे ती कुठेच जात नव्हती. त्या वर्षी वसंतात इथे पाऊस असा पडलाच नाही. झाडांचे पिवळे परागकण आणि धूळ यांचा रोज सकाळी गाडीवर थर बसायचा. नानांना तो दिसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं.

मिरजेहून येताना लोणच्याच्या बरण्या गळू नयेत म्हणून त्यांनी त्या पिवळ्या फडक्यांत गुंडाळून आणल्या होत्या. गाड्या पुसायची ती आपली फलालीनची फडकी. नानांनी ती धुऊन, तेलाचा वास घालवून, मागच्या कुंपणावर वाळत घातली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. सूर्य उगवायला नि ते माकडटोपी घालून बादली घेऊन बाहेर पडायला एकच गाठ. आधी सगळ्या गाडीवर कोरडं फडकं मारायचं. मग मगाने पाणी ओतायचं. मग दुसरं फडकं पिळून, गोल गोल फिरवत, जोर लावून, एकूण एक थेंब टिपायचा. फडकं हातातून निसटून फरशीवर पडलं की उचलायचं, दोनदा झटकायचं आणि पुढे चालू. "थेंब वाळला की डाग पडतो, जावईबापू," ते मला समजावायचे. "आमच्या फियाटवर तीस वर्षांत एक डाग नव्हता." नव्हताच. ती फियाट मी पाहिली होती. पांढरी होती, पांढऱ्या रंगावर काय दिसणार!

मला मात्र खिडकीतून सगळं दिसत होतं. रस्त्याने कुत्री फिरवणारी, सायकलवर जाणारी माणसं थबकून बघायची, "मॉर्ग", म्हणजे इथलं सुप्रभात, म्हणायची, नाना माकडटोपीतून मान लववायचे. आमच्या गल्लीत रोज गाडी पुसणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि सत्तरी ओलांडलेला माणूस जावयाच्या गाडीची चाकं वाकून पुसतोय, जावई वर पडद्याआड कॉफी पितोय, हे चित्र कसं दिसत असेल याची कल्पना करून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा गावातल्याच एका मराठी मित्राचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सासऱ्यांना बरं कामाला लावलंयस." तो हसला, मीही हसलो. फोन ठेवल्यावर खाली जाऊन नानांना म्हटलं, "नाना, कशाला रोज रोज? राहू द्या." तर म्हणाले, "तेवढाच हातभार. नाहीतर घास गोड लागत नाही." मी वर आलो आणि पडदा आणखी नीट ओढून घेतला.

एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली होती. मी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर गेलो आणि बॉनेटकडे लक्ष गेलं. काळ्या रंगात, जिथे सूर्य चमकत होता त्याभोवती, बारीक बारीक गोल ओरखड्यांचं जाळं होतं. कोळिष्टकासारखं. छतावर तेच, दारांवर तेच. मी यंत्रांच्या ज्या कारखान्यात काम करतो तिथे धुळीचा एक कण दिसला तर काम थांबतं. कोरड्या फडक्याखाली धूळ सापडली की तिचा पॉलिश पेपर होतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी ओल्या बोटाने एक ओरखडा पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

रात्री मृणालला सांगितलं. दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत उभे राहिलो. "तू सांग," मी म्हटलं. "मी सांगितलं तर हसण्यावारी नेतील," ती म्हणाली, "तू सांग." मी म्हटलं, "मी जावई. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी हिशेब काढतोय." शेवटी कुणीच सांगायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी आम्ही युक्त्या काढल्या. मी बादली शेडमध्ये कुंड्यांच्या मागे लपवली. नानांनी शोधून काढली आणि वर शेड आवरून टाकली. मी गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून आलो. सकाळी नाना बादली घेऊन तिथे. मी गाडीवर घालायचं कापड मागवलं. ते रोज काढून, झटकून, घडी करून, गाडी पुसून, परत घालायला लागले. उलट त्यांना वाटलं, जावईबापूंना आपलं काम पसंत पडत नाहीये. म्हणून ते संध्याकाळीही एक हात फिरवू लागले.

मृणाल त्यांच्या शाळेची एक गोष्ट नेहमी सांगते. नाना वर्गात फार रागवायचे. मारत कधी नसत, पण चूक दिसली की तिथल्या तिथे, चारचौघांत, नाव घेऊन. एकदा एका मुलाची आई घरी आली. तिच्या मुलाला सर तीन महिन्यांत एकदाही रागावले नव्हते. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "सर, आमचं काही चुकलं का? सगळ्यांच्या पोरांना रागावता, आमच्याला का नाही?" या गोष्टीवर आम्ही कितीदा पोट धरून हसलो आहोत. त्या दिवसांतही जेवताना तिने ती सांगितली, नाना खुर्चीच्या कडेवर बसून खुदकन हसले, आणि माझ्या जाड डोक्यात काही शिरलं नाही.

आमच्या शेजारी रियाबाई राहतात, जन्मापासून इथल्याच. वय नानांच्याच आसपास, नवरा जाऊन तीन-चार वर्षं झालेली. त्याची एक जुनी गडद निळी गाडी त्या गॅरेजमधून दर रविवारी बाहेर काढतात, धुतात, वाळवतात आणि परत आत ठेवतात. जूनमधल्या एका रविवारी त्या आपल्या गाडीशी होत्या, नाना माझ्या. वरची खिडकी उघडी होती. रियाबाईंचं इंग्रजी मोजकं पण स्वच्छ, आणि नानांचं तर काय, पुस्तकी. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"सर," रियाबाई म्हणाल्या, "तुम्ही ही गाडी खराब करताय."

नानांना वाटलं त्या गमतीने म्हणतायत. ते हसले. रियाबाई हसल्या नाहीत. दीड मीटर अंतर राखून त्यांनी बोट दाखवलं. "इथे बघा. असं खाली वाकून. हे गोल ओरखडे दिसले? ते तुमच्या फडक्याने पडलेत. धूळ असताना घासता म्हणून."

नाना वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. मग चष्मा पुसून पुन्हा वाकले. "कधीपासूनचे आहेत?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तुमच्या घरचे सांगतील."

इथल्या लोकांचं बोलणं असंच असतं, तोंडावर, आणि त्यात त्यांच्या मनात काही वाकडं नसतं. मला हे पक्कं माहीत आहे. तरीही त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

नाना आत आले. बादली पालथी घातली, फडकी पिळून वाळत घातली, हात धुतले. मी जिना उतरून खाली येऊन उभा होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं."

"केव्हा?"

"एप्रिलमध्ये."

मीच घाईघाईने म्हटलं, "नाना, गाडी कंपनीची आहे, त्याचं काही नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"बरोबर आहे," ते अगदी हळू, समजुतीच्या स्वरात म्हणाले. "पाहुण्याला कोण बोलतं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तसं वाटण्याइतकं आम्ही दोन महिने मन लावून वागलो होतो. माझी मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपाशी कुणी नव्हतं. वाळलेली पिवळी फडकी नानांनी चौकोनी घड्या घालून आपल्या बॅगेत तळाशी ठेवली. मृणालला म्हणाले, "ती खास विमानं सुटतात म्हणे भारतात जायला. माझं नाव घाल." मिरजेत तेव्हा साथ वाढत होती, घरी करणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना मधुमेह. मृणालने सगळं सांगून पाहिलं. ते "हो" म्हणायचे आणि संध्याकाळी पुन्हा विचारायचे, "नाव घातलंस?" पोळी दीडवरून एकावर आली. दिवसभर वरच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून असायचे. मी जिन्यात दिसलो की बाजूला होऊन, भिंतीला चिकटून मला वाट द्यायचे. माझ्याच घरात माझ्या बायकोचा बाप मला वाट देतोय.

मृणाल माझ्यावर भडकली. "भीड ही भिकेची बहीण, आई म्हणायची ते खोटं नाही. नुसता मूग गिळून बसलास."

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी लेक आहे रे. माझं बोलणं ते धरतच नाहीत. तुझं धरतात. या घरात ते तुझ्याच डोळ्यांकडे बघत राहतात, तुला अजून कळलं नाही का?"

पुढच्या रविवारी दाराची घंटा वाजली. रियाबाई घंटा वाजवून चांगल्या चार पावलं मागे जाऊन उभ्या होत्या. "ते सर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांना बरं नाही. "खोकला?" नाही म्हटलं. "मग बाहेर बोलवा. मला माणूस हवाय." त्यांचा गाडी वाळवायचा टॉवेल चांगला चादरीएवढा होता. नवरा असताना तो दोघांनी धरायचा, एक गाडीच्या या बाजूला, एक त्या बाजूला. एकटीने धरला की टोकं खाली लागतात. साथीमुळे त्या आपल्या मुलांनाही घरी येऊ देत नव्हत्या. "आणि गाडी मध्ये असली की अंतर आपोआप राहतं," त्या म्हणाल्या, "मोजून बघितलंय मी."

बाई दाराशी येऊन बोलावतात म्हटल्यावर नाही म्हणणं नानांच्या स्वभावात नव्हतं. ते खाली आले. मी आणि मृणाल खिडकीत. रियाबाईंनी नळीचं तोंड काढून टाकून पाणी नुसतं संथ सोडलं, तसं ते छतावरून अख्ख्या पडद्यासारखं घसरून गेलं आणि मागे मोजके थेंब राहिले. मग दोघांनी टॉवेल ताणून धरला, छतावर अलगद निजवला आणि सरळ मागे नेला. नानांनी सवयीने तळहात दाबला. "नाही!" रियाबाईंचा आवाज आमच्यापर्यंत आला. "दाबू नका. टॉवेल पाणी पितो. त्याला पिऊ द्या." थोड्या वेळाने पुन्हा, "गोल नाही! सरळ!" मृणालने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता नाना टॉवेल ठेवून आत येतील. ते आले नाहीत. पूर्ण गाडी वाळेपर्यंत होते, आणि त्यानंतर बराच वेळ कुंपणाच्या अलीकडे पलीकडे उभं राहून दोघांच्या गप्पा चालल्या.

त्या दुपारी जेवताना नाना आठवड्यात पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. "बाई फार कडक आहेत," ते म्हणाले. "आज मला किती वेळा रागावल्या." आणि हातरुमाल टेबलावर पसरून आम्हाला दाखवू लागले. आधी छत, मग काचा, मग दारं, सगळ्यात खालची कड शेवटी आणि तिला फडकं वेगळं, कारण खरी वाळू तिथे असते. कडक उन्हात धुवायचं नाही. आणि टॉवेल जमिनीला लागला तर तो त्या दिवसापुरता संपला, थेट धुण्यात. "झटकायचा नाही," ते बोट वर करून म्हणाले. "झटकून वाळू जात नाही. आयुष्यभर झटकत आलो मी." चेहरा असा खुलला होता, जणू पोरगा वर्गात पहिला आलाय. मृणाल त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. आता मात्र माझ्या डोक्यात शिरलं. मुलाच्या आईची ती गोष्ट, पदराशी चाळा करणारी ती बाई, सगळं एकदम शिरलं, आणि मी पानात मान घालून जेवत राहिलो.

कळणं वेगळं आणि तोंडातून शब्द निघणं वेगळं. सासऱ्याला रागवायचं म्हणजे काय? आमच्या घरात वडीलधाऱ्या माणसाशी आवाज चढवला तर आजीने तोंड बघितलं नसतं. मी तसाच एक मोठा टॉवेल मागवला. शनिवारी नानांना म्हटलं, "चला, आपली गाडी करू." ते म्हणाले, "नको, तुमची गाडी आता..." मी म्हटलं, "एकट्याने टोकं खाली लागतात." ते आले. त्या बाजूला ते, या बाजूला मी. छत छान झालं. बॉनेटवर येताना त्यांच्या हातातलं टोक निसटलं आणि फरशीवर पडलं. नानांनी वाकून ते उचललं, दोनदा झटकलं आणि बॉनेटवर ठेवलं. सत्तर वर्षांचे हात ते, धडा एका आठवड्याचा.

एप्रिल असता तर मी दिसलंच नाही असं दाखवून आकाशाकडे बघितलं असतं.

"नाना, काय करताय!" मी ओरडलो. "खाली पडलेला टॉवेल लावायचा नाही! परवा तुम्हीच आम्हाला शिकवत होतात ना? लक्ष कुठे असतं तुमचं? ठेवा तो!"

आवाज मला वाटला होता त्यापेक्षा फार मोठा लागला. समोरच्या घरातला माणूस बागेत सरळ उभा राहिला. मृणाल दारात आली. रियाबाई गॅरेजमधून बाहेर आल्या. माझे कान तापले. रागवायचं असं ठरवून मी काही आलो नव्हतो. गाडीची काळजी खरी होती, राग खरा होता, आणि तो माझ्या सासऱ्यावर सगळ्या गल्लीसमोर निघाला होता. लाजेने माझा जीव अर्धा झाला.

नानांनी हातातल्या टॉवेलकडे बघितलं. मग माझ्याकडे. "चुकलं," ते म्हणाले. टॉवेल गोळा करून आत गेले, धुण्याच्या यंत्रात टाकला आणि दुसरा घेऊन आले. "हं, धरा," ते म्हणाले. "तुमचं टोक वर धरा, तेही खाली लागेल." मी वर धरलं.

त्या दिवशी जेवायला आमटीच होती. मी मान वर न करता जेवत होतो. काय शब्दांत माफी मागावी याची जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात खुर्ची करकरली. बघतो तर नाना मागे रेलून बसले होते. पाठ खुर्चीला पूर्ण टेकलेली, एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर. "मृणाल," त्यांनी रिकामी वाटी पुढे केली, "आमटी आहे का गं अजून?"

मृणालने वाढली. त्यांनी ती वाटी तोंडाला लावून प्यायली आणि पुन्हा पुढे केली. पातेल्यात माझ्यासाठी काही उरलं नाही. मृणाल ओट्याकडे तोंड करून उभी राहिली ती बराच वेळ वळलीच नाही.

त्यानंतर विमानाच्या यादीचा विषय त्यांनी काढला नाही. सप्टेंबरात रीतसर तिकीट मिळालं तेव्हा गेले. मधल्या काळात मी त्यांना साखरेच्या चहावरून रागावलो, ओल्या रस्त्यावर चपला घालून जाण्यावरून रागावलो, आणि दर वेळी मला तितकीच लाज वाटली. ती काही सरावाने गेली नाही. ते परत इथे आले नाहीत. पुढच्या वर्षी साथीच्या लाटेत मिरजेतच वारले. विमानं तेव्हाही धड नव्हती. लेक आणि जावई फोनच्या पडद्यावर उभे होते, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी सगळं केलं. मृणाल त्याबद्दल आजही बोलत नाही. गाडी मुदत संपल्यावर कंपनीला परत दिली. द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिरप्या उन्हात वाकून बघितलं. ते गोल ओरखडे होते तसेच होते. माझा हात त्यांच्यावरून फिरला, आणि मग लक्षात आलं की हात धुळीचा आहे, म्हणून काढून घेतला.

पण नाना म्हटलं की मला स्किपोल विमानतळाचं ते दार आठवतं. प्रवाशाशिवाय कुणाला आत सोडत नव्हते, त्यामुळे निरोप बाहेर, फुटपाथवरच. मृणाल त्यांच्या गळ्यात पडून रडत होती. मी नमस्काराला वाकलो. माझ्या लग्नापासून या माणसाने मला "जावईबापू" आणि "तुम्ही" याशिवाय कधी काही म्हटलं नव्हतं. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून त्यांनी पिवळं फडकं काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "खालच्या कडेला वापर. फक्त खालच्या." मी मान हलवली. ते ट्रॉली ढकलत दोन पावलं गेले, वळले, आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, चारचौघांत, नाव घेऊन ओरडले:

"अभय! नाक उघडं आहे तुझं! मास्क नीट लाव! इतका शिकलेला माणूस, एवढं कळत नाही तुला?"

रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझे कान पेटले. मी शाळेतल्या पोरासारखा मुकाट्याने मास्क वर ओढला, पार डोळ्यांपर्यंत.